टाइपरायटरचं पान : आर्ट जर्नलच्या कामाच्या नोंदी

4 जुलै

आर्ट जर्नलमधलं, म्हणजे चित्रं आणि चिकटकामाच्या माझ्या वहीतलं, पुढचं जोडपान टाइपरायटर या विषयावर करायचं ठरलं. या विषयावरची बहुतेक पानं एकाच वळणाची असतात: तपकिरी डागांचा कागद, यंत्राचं कापून लावलेलं चित्र, कोपऱ्यात गुलाब, गोल कळांचे स्टिकर. दिसायला छान असतात. पण त्यातलं यंत्र काढून तिथे ग्रामोफोन चिकटवला तरी बाकीचं पान तसंच चालून जातं, आणि हेच मला खटकतं. मला असं पान हवं आहे की जे फक्त टाइपरायटरचंच असू शकेल.

म्हणून एक अट घालून घेते. पानावरची मापं, रंग, रेघा, जे काही असेल ते यंत्राच्या कामातून आलेलं असावं. नुसतं शोभेला काही नको.

वही ए-5 आकाराची आहे, आतला कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम), जलरंगाचा. वही बांधलेली, त्यामुळे पान रुळावर चढवून थेट टाइप करता येणार नाही. टाइप केलेलं सगळं सुट्या कागदावर करून मग चिकटवायचं. डाव्या पानावर कळा आणि यंत्राचा आतला भाग, उजव्या पानावर टाइप केलेला कागद, इतकं आत्ता डोळ्यांसमोर आहे. पान जाड होणार हे नक्की. म्हणून या जोडपानाच्या मागचं एक पान बांधणीपासून साधारण सेंटिमीटरभर सोडून कापून टाकलं. तो सेंटिमीटर राहू दिला, नाहीतर जोडीचं पान सुटतं.

5 जुलै

आज फक्त मोजमाप.

टाइपरायटरमध्ये अक्षर रुंद असो की अरुंद, ठोका बसला की कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, ठरलेलं अंतरच सरकते. रोमन यंत्रांत दोन मापं सर्रास आढळतात: पायका, म्हणजे इंचाला 10 अक्षरं, आणि इलीट, म्हणजे इंचाला 12. माझं यंत्र देवनागरी आहे. त्यावर ओळभर काना ठोकले आणि खाली पट्टी धरली. इंचाला 10 भरले. म्हणजे एक घर 2.54 मिलिमीटरचं.

उभ्या दिशेला एकेरी अंतरात इंचाला 6 ओळी बसतात. देवनागरीत ते फार दाटतं; वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. दीडपट अंतर ठेवलं की इंचाला 4 ओळी येतात, एका ओळीला 6.35 मिलिमीटर. मोकळं आणि वाचनीय.

आता हे पानाला लावलं. पान 148 मिलिमीटर रुंद, म्हणजे 58 घरं. 210 मिलिमीटर उंच, म्हणजे 33 ओळी. सगळी जाळी पेन्सिलीने आखत बसले नाही. चारही कडांना बारीक खुणा केल्या, दर दहाव्या घराला जरा लांब. पट्टी आडवी-उभी धरली की हवं ते घर सापडतं. पुढे जे काही लावेन त्याची कड या खुणांवरच येईल. चौकट, फट, चिकटवलेला तुकडा, काहीही अर्ध्या घरात संपणार नाही.

8 जुलै

यंत्र पुसून घेतलं. रिबीन नवी घातली, अर्धा इंच रुंदीची, वर काळी आणि खाली लाल. ही दुरंगी रिबीन मला फार आवडते. रंग बदलायची खिट्टी दाबली की रिबीन प्रत्येक ठोक्याला नेहमीपेक्षा जास्त वर उचलली जाते आणि खिळ्यासमोर, म्हणजे अक्षर कोरलेल्या धातूच्या तुकड्यासमोर, तिचा खालचा, लाल अर्धा भाग येतो. म्हणजे रंग बदलणं हा निव्वळ उंचीचा प्रश्न! अक्षर जिथे लाल-काळ्याच्या सीमेवर पडतं तिथे वरचा भाग काळा आणि तळ लाल उमटतो. अशी काही अक्षरं मुद्दाम काढून ठेवली आहेत.

खिळ्यांच्या पोकळ्यांत जुनी शाई आणि रिबिनीचे तंतू साचलेले असतात. ताठ केसांच्या ब्रशने ते निघतात. बाकी सगळे खिळे साफ केले, पण ‘ळ’ तसाच ठेवला. त्याची दोन्ही पोकळं भरून आली आहेत आणि कागदावर तो दोन काळ्या मण्यांसारखा उमटतो. या यंत्राची ती ओळख आहे. दुसऱ्या यंत्रावरचा ‘ळ’ असा दिसणार नाही. टाइप केलेल्या कागदावरून यंत्र ओळखता येतं ते याच कारणाने: एखादा खिळा किंचित कलतो, एखाद्याची कड झिजते, एखादं अक्षर ओळीच्या केसभर वर बसतं.

9 जुलै

कागदांची चाचणी. 80 जीएसएमचा साधा बाँड, जुन्या हिशेबवहीचं पान, ट्रेसिंग पेपर, तपकिरी क्राफ्ट कागद, आणि पूर्वी टाइपिंगच्या प्रतींसाठी वापरायचे तो अगदी पातळ, कडकडीत कागद. प्रत्येकामागे एक जादा कागद लावूनच टाइप केलं. त्याने रुळाच्या रबरावर घाव बसत नाहीत आणि ठशाची कडही नीट येते.

रिबिनीची शाई तेलकट असते. न चकाकणाऱ्या कागदात ती मुरते, त्यामुळे बाँड आणि हिशेबवही दोन्हींवर ठसा लगेच स्थिरावला. ट्रेसिंग पेपरवर शाई वरच बसून राहिली, बोट लावलं की पसरत होती. रात्रभर उघडं ठेवायला हवं. क्राफ्टवर काळा उठून दिसतो पण लाल बुडतो, म्हणून क्राफ्ट बाद.

सगळ्यात उपयोगी निघाली ती स्टेन्सिलची जागा. रंगाच्या खिट्टीला काळा आणि लाल यांखेरीज एक पांढरी खूण असते. तिथे ठेवलं की रिबीन वर उचललीच जात नाही. खिळा सरळ कागदावर आदळतो. मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं कोरून त्याच्या प्रती काढायच्या, त्या काळातली ही सोय. आता त्याचा मी असा उपयोग केला: खिट्टी पांढऱ्या खुणेवर ठेवली आणि बाँड कागदावर कार्बन पेपर शाईची बाजू कागदाकडे करून घातला. रिबिनीच्या विणीचा खरखरीतपणा गेला आणि अक्षर इतकं कोरीव आलं की जोडाक्षराचा सांधाही दिसतो. ज्यांच्याकडे यंत्र आहे पण चांगली रिबीन मिळत नाही त्यांनी हे नक्की करून पाहावं.

कार्बन पेपर आणि टाइपरायटर यांचं नातं तर टाइपरायटर बाजारात येण्याच्याही आधीचं आहे. राल्फ वेजवूड यांनी 1806 मध्ये ज्या कार्बन कागदाचं पेटंट घेतलं तो अंधांना लिहिता यावं म्हणून केलेल्या साधनाचा भाग होता. त्याच सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री यांनी दृष्टी गेलेल्या एका सरदारकन्येला पत्रं लिहिता यावीत म्हणून एक लेखनयंत्र केलं, आणि त्यातही कार्बन कागदच होता. यंत्र उरलं नाही, पत्रं उरली. न पाहता उमटवलेलं अक्षर ही या यंत्राची सुरुवात आहे. पानावर कुठेतरी शाईविना, नुसती दाबून उठवलेली एक ओळ असावी असं त्यावरून मनात आलं. पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा, बोटांनी वाचायचा. उजव्या पानाच्या तळाशी, 33व्या ओळीच्या जरा वर, तिची जागा राखली.

12 जुलै

मजकूर काय घालायचा यावर बराच वेळ गेला. कुणाच्या कवितेची ओळ किंवा सुविचार नको. देवनागरी टाइपरायटर अक्षर कसं जुळवतो हेच इतकं देखणं आहे की मजकूर तोच असावा.

या कळफलकावर बरीच अक्षरं अर्धीच असतात. अर्धा ख, अर्धा घ, अर्धा ण, अर्धा थ, अर्धा ध, अर्धा भ, अर्धा श, अर्धा ष. त्यांच्यापुढे काना ठोकला की अक्षर पूर्ण होतं. म्हणजे एकच काना घरोघर जाऊन कुणाला पुरं करतो, तर कुणाला ‘आ’कार देतो. पहिली वेलांटी बोलण्यात मागून येते, पण यंत्रावर अक्षराच्या आधी ठोकावी लागते. आणि उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज जागची हलत नाही. त्या आपापल्या अक्षराच्या वर-खाली जाऊन बसतात. टंकलेखन शिकणाऱ्यांच्या हातांत हे सगळं इतकं मुरतं की पुढे त्याचा विचारही करावा लागत नाही. मला मात्र ते पानावर दिसायला हवं आहे.

म्हणून एक कागद असा केला: पहिल्या ओळीत नुसती अर्धी अक्षरं, मध्ये मोकळं घर सोडून. त्याखालच्या ओळीत बरोबर त्या मोकळ्या घरांत फक्त काने, लाल रंगात. तिसऱ्या ओळीत दोन्ही एकत्र, अर्ध काळं आणि काना लाल. श, ण, ध असे दुरंगी झाले. सांधा जिथे जुळतो तिथे शिरोरेषेत अगदी बारीक पायरी दिसते. हा पानातला माझा सर्वांत आवडता तुकडा होणार.

मग अनुस्वाराचा प्रयोग. टिंबाचा खिळा टोकदार, सगळा जोर एका बिंदूवर येतो. त्या पातळ, कडकडीत कागदावर तो जोराने ठोकला की आरपार भोक पडतं. एक पूर्ण कागद नुसत्या अनुस्वारांचा केला. कॅरेज हलत नसल्यामुळे दर वेळी स्पेसबार दाबून पुढे जायचं. उजेडासमोर धरला तर चाळणीसारखा प्रकाश येतो. याच्याखाली लाल कागद लावायचा. भोकातून लाल ठिपके दिसतील, रिबिनीचा लाल न वापरता.

13 जुलै

कालच्याच धाग्याने पुढे. टाइपरायटरवर चित्रं काढणारे लोक 19व्या शतकापासून आहेत. फ्लोरा स्टेसी यांचं 1898 मधलं फुलपाखरू प्रसिद्ध आहे, कंस, आडव्या रेघा, बिंदू अशा चिन्हांतून उभं केलेलं. पुढे पॉल स्मिथ (1921–2007) या अमेरिकी चित्रकाराने तर या माध्यमात आयुष्यभर काम केलं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांना हातांवर ताबा ठेवणं अवघड होतं. शिफ्टची कळ अडकवून ठेवायची आणि वरच्या ओळीतल्या मोजक्या चिन्हांनीच सगळी छाया-प्रकाशाची रचना करायची, ही त्यांची पद्धत. त्यांची चित्रं पाहिली की कळतं, या यंत्रात करडा रंग नसतो. तो दाट-विरळ ठोक्यांतून मिळवावा लागतो.

म्हणून छटांची पट्टी केली. सर्वांत फिकट पूर्णविराम, मग संयोगचिन्ह, मग काना, मग ‘र’, मग ‘क’, मग ‘क’वर ‘ह’, मग त्यावर ‘श’. रोमन अक्षरांपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी होते. प्रत्येक अक्षराला शिरोरेषा असल्याने छटेत आडवे पट्टे उठतात. ते टाळायचे तर रुळाच्या टोकाची मूठ मोकळी करून कागद पाव ओळ वर सरकवायचा आणि पुन्हा ठोकायचं. पण मला ते पट्टेच आवडले. एका कागदावर ओळींमागून ओळी फक्त काने ठोकले, कागद काढला, काटकोनात फिरवून पुन्हा चढवला आणि तेच परत केलं. ताणा-बाणा घातल्यासारखी जाळी तयार झाली, जवळून काने आणि लांबून कापड. उजव्या पानाच्या पार्श्वभूमीला हीच.

15 जुलै

डाव्या पानाचा रंग. तपकिरी घेणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. जुनं म्हणजे तपकिरी, हा समज फोटोंच्या पिवळेपणातून आलेला असावा. जुने टाइपरायटर स्वतः सहसा तपकिरी नसत. शोल्स आणि ग्लिडन यांचं जे यंत्र रेमिंग्टनने 1874 मध्ये विक्रीला आणलं त्याच्या अंगावर फुलं रंगवलेली होती. शिवणयंत्रासारख्या टेबलावर बसवलेलं असे, ओळ बदलायला पायाखाली पायटा. त्यानंतर बराच काळ काळ्या एनॅमलचा आला. मग हर्मीस 3000 चा फिकट हिरवा. 1969 मध्ये एत्तोरे सोत्सास आणि पेरी किंग यांनी ऑलिव्हेत्तीसाठी केलेलं व्हॅलेंटाइन तर लालभडक, प्लॅस्टिकच्या अंगाचं.

मी हिरवट करडा घेतला. आधी गेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचा, पातळ हात, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर, पुन्हा एक हात. त्यावर ॲक्रिलिक: पांढरा, थोडा क्रोम हिरवा, त्याला मारायला चिमूटभर लाल. सपाट ब्रशने दोन्ही हात एकाच दिशेने, म्हणजे पत्र्यावरच्या रंगासारखा गुळगुळीतपणा येतो. ब्रशच्या रेघा दिसल्या असत्या तर ते भिंतीसारखं वाटलं असतं.

18 जुलै

कळा. इथे मी सगळ्यात जास्त रेंगाळले आणि त्याचा मला पुरेपूर मोबदला मिळाला.

यंत्राच्या कळांच्या केंद्रांमध्ये साधारण पाऊण इंच, म्हणजे 19 मिलिमीटर अंतर असतं. पूर्ण कळफलक पानात बसवायचा तर लहान करावा लागतो. लहान केला की बोटाशी असलेलं त्याचं नातं तुटतं. म्हणून खऱ्या मापात, पण फक्त सात कळांची रुंदी आणि चारही ओळी. डावी-उजवीकडे कळफलक पानाबाहेर चालू आहे असं वाटतं. पान पाहणाऱ्याने त्यावर बोटं ठेवावीत, ती बरोबर बसतील.

चित्रातला कळफलक पुष्कळदा खोटा दिसतो त्याचं कारण ओळींची सरक. चार ओळी एकाखाली एक सरळ नसतात. अंकांच्या ओळीपासून दुसरी ओळ अर्ध्या कळेने उजवीकडे, दुसरीपासून तिसरी पाव कळेने, तिसरीपासून चौथी पुन्हा अर्ध्या कळेने. हे कशासाठी, ते कागदावर मांडलं तेव्हा नीट उमगलं. प्रत्येक कळेखालून एक लांब दांडी सरळ मागे यंत्रात जाते. चार ओळींतल्या दांड्या एकमेकींवर येऊन चालणार नाही. 19 मिलिमीटरला पहिली ओळ शून्यावर, दुसरी 9.5 वर, तिसरी 14.25 वर, चौथी 23.75 वर, म्हणजे पुढच्या कळेच्या 4.75 वर. हे चार आकडे ओळीने लावा: 0, 4.75, 9.5, 14.25. दर पाव कळेला एक दांडी, अंतर सगळीकडे समान, कुणी कुणाच्या वाटेत नाही. ओळींची ती तिरकस सरक या समान अंतरासाठी आहे. दांड्या गेल्या, यंत्रं गेली, तरी आज संगणकाच्या कळफलकावर ती सरक तशीच आहे.

मग डाव्या पानाचं चित्र आपोआप ठरलं. खालच्या 85 मिलिमीटरमध्ये कळा, आणि प्रत्येक कळेच्या केंद्रातून सरळ वर जाणारी बारीक काळी रेघ. 4.75 मिलिमीटरच्या अंतराने रेघांचा पडदा. 0.3च्या टेक्निकल पेनने आखल्या, जलरोधक शाई.

कळा जाड कार्डच्या वर्तुळांच्या, दोन थर, म्हणजे पानापासून किंचित उठतात. कडेला चंदेरी मार्करचं कडं, अक्षर हाताने लिहिलेलं, वर ग्लॉसी मीडियमचा (वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत होणाऱ्या ॲक्रिलिक लेपाचा) फुगीर थेंब. थेंब सपाट पृष्ठभागावर रात्रभर न हलवता वाळवायचा. बुडबुडे टाचणीने आधीच फोडायचे. वाळल्यावर काचेची चकती बसवल्यासारखं दिसतं.

21 जुलै

दांड्यांच्या रेघा पानाच्या वरच्या कडेशी नेऊन सोडल्या होत्या. त्यांचं पुढे काय, हा आजचा विषय.

यंत्रात प्रत्येक कळ आपापल्या टाइपबारला, म्हणजे खिळा धरणाऱ्या दांडीला, उचलते. चाळीसच्या वर टाइपबार अर्धवर्तुळात पंख्यासारखे निजलेले असतात. प्रत्येकाच्या टोकाला खिळा, आणि त्यावर दोन अक्षरं, वर एक आणि खाली एक. रेमिंग्टनच्या पहिल्या यंत्रावर फक्त मोठी रोमन अक्षरं होती. 1878 च्या दुसऱ्या मॉडेलमध्ये शिफ्ट आली आणि एका खिळ्यावर दोन अक्षरं बसू लागली. पण पानासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टाइपबार कुठल्याही कोपऱ्यातून उठो, सगळे येऊन आदळतात त्या एकाच बिंदूवर. तो बिंदू यंत्राच्या मधोमध आहे आणि तो कधीच हलत नाही. हलतो कागद.

हाताने लिहिताना कागद स्थिर आणि हात चालतो. इथे उलट आहे. आणि मी उजव्या पानावर टाइप केलेला कागद पक्का चिकटवून टाकायला निघाले होते! तो सरकायला हवा. आराखडा आजच बदलला.

डाव्या पानाच्या वरच्या भागातून, शिवणीवरून पलीकडे, पंख्याच्या रेघा उजव्या पानावर नेल्या. सगळ्या उजव्या पानाच्या मध्यावर, शिवणीपासून 74 मिलिमीटरवर एका बिंदूत मिळतात. वही पूर्ण उघडी, दोन्ही बाजूंना पुस्तकांचा आधार, तेव्हाच शिवण ओलांडून आखता आलं. बिंदूच्या जागी काही काढलं नाही, रेघा तिथे नुसत्या थांबतात.

22 जुलै

सरकत्या पट्टीची रचना.

उजव्या पानावर 200 जीएसएम कार्डचा एक फलक बसवायचा, शिवणीच्या बाजूला 18 मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूला 6 मिलिमीटर सोडून. फलकाखाली वर-खाली दोन रूळपट्ट्या, प्रत्येकी कार्डचे दोन थर. मध्ये एका थराची पट्टी, एक इंच उंच. दोन थरांच्या खाचेत एक थर, इतकी मोकळीक पुरते. त्याहून जास्त ठेवली तर पट्टी तिरकी होते.

फलकाला बिंदूच्या डावीकडे खिडकी, 20 घरं रुंद, म्हणजे 50.8 मिलिमीटर, आणि 8 मिलिमीटर उंच. मात्रा आणि उकार दोन्ही मावतील इतकी. खिडकीची उजवी कड बरोबर बिंदूवर. पट्टीवरचा मजकूर सुरुवातीला बिंदूच्या उजवीकडे फलकाखाली झाकलेला असतो. पट्टी डावीकडे सरकवली की अक्षरं बिंदूपाशी एकेक करून बाहेर येतात आणि डावीकडे जात राहतात, अगदी यंत्रावर येतात तशी. सरकवायला फलकाच्या उजव्या भागात तेवढ्याच लांबीची आडवी फट आणि पट्टीला लावलेली कार्डची छोटी मूठ.

मजकूर 20 घरांचाच हवा. ‘जागा तीच, कागद सरकतो’. घरं मोजली. ‘जागा’ चार, दोन्ही काने धरून. ‘तीच’ तीन, स्वल्पविराम एक. ‘कागद’ चार. ‘सरकतो’ पाच, कारण शेवटच्या ‘तो’चा काना घर घेतो पण त्यावरची मात्रा घेत नाही. तीन मोकळी घरं. एकूण नेमकी 20. टाइप केलं ते कार्बन आणि पांढऱ्या खुणेच्या पद्धतीने, बाँडवर, आणि मग तो कागद पट्टीवर चिकटवला.

24 जुलै

चिकटवणं.

तेलकट शाई पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ओल्या ब्रशने घासली की फिसकटते. कार्बनची अक्षरं तर नुसत्या बोटाने. म्हणून टाइप केलेल्या प्रत्येक तुकड्यावर आधी फिक्सेटिव्हचे, म्हणजे शाई पक्की करणाऱ्या द्रवाचे, पातळ फवारे, लांबून, मध्ये वाळू देत. एकदम ओला फवारा मारला तर लाल कडेला सुटतो. मग मागच्या बाजूला मॅट मीडियम, एका कडेपासून टेकवत आणि रबरी रोलरने दाबत. वरून मीडियम फिरवायचं ते सगळ्यात शेवटी आणि एकदाच, मागे-पुढे न घासता.

अनुस्वारांच्या भोकांचा पातळ कागद याला अपवाद. त्याला मीडियम लावलं तर भोकं बुजतात. तो फक्त चार कडांना पांढऱ्या डिंकाने टेकवला, खाली लाल कागद. कान्यांची जाळी फलकावर, दुरंगी अर्ध्या अक्षरांचा तुकडा खिडकीच्या वर, तेराव्या ओळीपासून. ‘ळ’च्या मण्यांची एक उभी रांग बाहेरच्या कडेला.

26 जुलै

जुन्या रिबिनीचा तुकडा पानावर हवा होता. कापडी रिबीन कितीही वापरलेली असली तरी शाई सोडत राहते आणि समोरच्या पानाला डाग पाडते. ती धुऊन रंग घालवणं पटेना, मग रिबीन कशाला? पारदर्शक ग्लासिन कागदाच्या अरुंद पाकिटात घालून पाकीट चारही बाजूंनी बंद केलं आणि ते पंख्याच्या रेघांवरून आडवं लावलं, बिंदूच्या अगदी खाली. यंत्रात रिबीन तिथेच असते, ठोक्याच्या वेळी वर उचलली जाते.

घंटीसाठी फटीच्या वरच्या कडेला दर घराला एक बारीक रेघ आखली, आणि शेवटून सहाव्या रेघेवर लाल ठिपका. समास संपायच्या काही घरं आधी घंटी वाजते, त्यानंतर शब्द पुरा करायचा की तोडायचा हे टंकलेखकाने ठरवायचं. पट्टी सरकवताना मूठ त्या ठिपक्याशी आली की खिडकीत ‘सरकतो’ उमटायचा बाकी असतो. शब्द मोकळ्या जागेवर संपलेला आहे, पुढचा पाच घरांत बसतो. घंटी ऐकूनही निर्धास्त पुढे जावं अशी ती जागा आहे.

शाईविना दाबलेली ओळही आज लावली. तिच्यावर मीडियम अजिबात नाही, कारण मीडियम उठाव भरून काढतं.

29 जुलै

शेवटची कामं. ॲक्रिलिक आणि मीडियम वाळल्यावरही एकमेकांना चिकटतात, त्यामुळे जोडपान मिटण्याआधी आठवडाभर उघडं ठेवणार आहे. त्यानंतरही सुरुवातीचे काही दिवस मध्ये सिलिकॉनचा कागद. कळांचे थेंब समोरच्या फलकाच्या खालच्या भागावर येतात, तिथे काही दाब पडत नाही हे वही मिटवून, बाजूने पाहून तपासलं.

पट्टी पहिल्यांदा जरा घट्ट जात होती. रूळपट्ट्यांच्या आतल्या कडांवर पांढरं मेण घासलं आणि ती सहज सरकू लागली. मुठीची फट उजवीकडे फलकाच्या कडेपर्यंत उघडी ठेवली आहे, टोकाला फक्त लाल वॉशी टेप, म्हणजे सहज निघणारी कागदी चिकटपट्टी. टेप उचलली की पट्टी मुठीसकट बाहेर येते आणि दुसरी घालता येते. कार्डच्या आणखी काही पट्ट्या त्याच मापाच्या कापून ठेवल्या. त्यांच्यासाठी 20 घरांचे मजकूर जमवते आहे. एकात पहिली वेलांटी हवी, म्हणजे सरकवताना ती अक्षराच्या आधी बाहेर येईल. दुसऱ्यात ख, ध, भ असं काहीतरी, अर्ध आधी आणि काना मागून.